ताईचा आल्प्स

आज सकाळी गाडीची काच खरवडताना बोटं बधिर झाली, तेव्हा लक्षात आलं की थंडी आली. सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या थंडीचं कौतुक सांगावं असं काही नाही. बर्फ पडत नाही, नळ गोठत नाहीत. फक्त इथली घरं अशी बांधलेली, की बाहेर जितकं गार तितकंच आत. दुपारी अंगणात ऊन खात बसावं आणि घरात यायचं झालं तर स्वेटर चढवावा, असा उलटा कारभार. संध्याकाळी पहिल्यांदा हीटर लावला की त्याच्या जाळीवर वर्षभर साठलेली धूळ जळते. तो करपट वास घरभर पसरला, की मला एकच हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात मी आणि माझी मोठी बहीण रोज संध्याकाळी सात वाजता युरोपात असायचो.

ताई मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत. मी सिडनीच्या या टोकाला. मधे आठ-नऊशे किलोमीटर. एरवी ते अंतर काहीच नाही. सकाळी निघालं तर तिच्याकडे रात्री जेवायला पोहोचता येतं. पण कोरोनाच्या त्या पहिल्या वर्षी जुलैमध्ये दोन राज्यांमधली सीमा बंद झाली. दाजी फेब्रुवारीत त्यांच्या आईला बघायला मिरजेला गेले होते, ते विमानं थांबल्यामुळे तिकडेच अडकले. ताईला मूलबाळ नाही. ती ज्या चाइल्डकेअरमध्ये काम करायची, ते जवळजवळ रिकामं झालं आणि तिला घरी बसायला सांगितलं. दिवसातून एक तास बाहेर फिरायचं, तेही पाच किलोमीटरच्या आत, आणि रात्री आठनंतर दारं बंद. चौपन्न वर्षांची माझी बहीण एका दोन खोल्यांच्या युनिटमध्ये एकटी राहिली.

आमच्याकडे सिडनीत त्या वर्षी बरंच मोकळं होतं. माझी बायको मुग्धा पॅथॉलॉजीत कामाला. ती रोज मास्क लावून नमुने घ्यायला जायची. मुलगी ईरा शाळेत जायची. मी घरून काम करायचो आणि सात वाजता ताईला फोन लावायचो. पहिल्या आठवड्यातच बोलणं संपलं. जेवलीस का, फिरून आलीस का, बरी आहेस ना. एवढ्या तीन प्रश्नांवर माणूस किती दिवस काढणार? बहीणभाऊ म्हणून आमच्यात वाईट काही नव्हतं. फक्त इतकी वर्षं आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलत आलो होतो, आणि आता कामच उरलं नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी तिच्या बाजूने कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, "अभय, आगगाडीने सगळा आल्प्स बघायला किती दिवस लागतील रे?"

ताई मिरजेच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. सोळा वर्षं. आल्प्स हा तिचा नववीचा धडा. मी तेव्हा पुण्यात कॉलेजला, मग नोकरीला, मग इकडे. त्यामुळे ती शिकवते हे मला माहीत होतं, पण कसं शिकवते ते मी कधी पाहिलं नव्हतं. निरोपाच्या दिवशी तिच्या मुलींनी तिला वर्गातलाच युरोपचा जुना कापडी नकाशा भेट दिला होता. तो गुंडाळी करून तिने इकडे आणला आणि अकरा वर्षं पलंगाखाली ठेवला. त्या संध्याकाळी तो बाहेर आला. तिने तो बैठकीच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावला आणि मला फोनवरून दाखवला. त्यावर युगोस्लाव्हिया अजून शाबूत होता.

मी प्रोजेक्ट मॅनेजर. मला कुणी "किती दिवस लागतील" विचारलं, की माझा हात आपोआप तक्त्याकडे जातो. त्याच आठवड्यात मी एक मोठी शीट तयार केली: व्हिएन्ना, साल्झबुर्ग, इन्सब्रुक, पुढे इटलीत उतरून पुन्हा वर स्वित्झर्लंडमध्ये, कूर, झरमाट, शेवटी जिनीव्हा. कुठली गाडी, किती मिनिटांत बदलायची, कुठे मुक्काम. तेव्हा त्यातल्या निम्म्या गाड्या धावतच नव्हत्या. आदल्या वर्षीची वेळापत्रकं समोर ठेवून आम्ही न धावणाऱ्या गाड्या पकडत होतो.

ताईची रीत वेगळी होती. एका संध्याकाळी एकच टप्पा. मी गाडीची वेळ सांगायचो, ती नदी सांगायची. "साल्झबुर्ग सोडलं की थोडा वेळ आपण जर्मनीतून जातो. मग इन नदी भेटते. ती सोबत राहते बघ इन्सब्रुकपर्यंत." आपण तिथून आत्ताच आलो अशा थाटात ती हे बोलायची. कुठल्या उतारावर ऊन जास्त येतं म्हणून कुठल्या बाजूला वस्ती, सूचिपर्णी झाडं कुठे संपतात, गाईगुरं उन्हाळ्यात वर का नेतात. फॉन नावाचा गरम वारा डोंगरावरून खाली उतरतो आणि एका दिवसात बर्फ वितळवून टाकतो, हे सांगताना तिचा आवाज चढायचा. मध्येच मला प्रश्नही विचारायची. उत्तर चुकलं तर गप्प राहायची. ती शांतता फार जड असे, आणि ती टाळण्यासाठी मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर गुपचूप अभ्यास करू लागलो.

मुग्धा हसायची. जेवणाच्या टेबलावर ईरा विचारायची, "Where are you guys today?" आणि मी सांगायचो, साल्झबुर्ग. बाहेर आमच्या रस्त्याच्या कडेला वॉटलचं झाड पिवळंधमक फुललेलं असे. तो पिवळा रंग आणि आल्प्स यांचा काही संबंध नाही. माझ्या डोक्यात मात्र ते कायमचे एकत्र चिकटले आहेत.

बिघडलं ते इन्सब्रुकहून इटलीत उतरणाऱ्या ब्रेन्नर खिंडीवरून.

माझ्या तक्त्यात बारा दिवसांत नऊ मुक्काम होते. सगळं घट्ट बसत नव्हतं. मी पाहिलं, की ब्रेन्नर गाळून व्हिएन्नाहून सरळ झ्युरिककडे गेलो तर जवळजवळ एक दिवस वाचतो. मी ब्रेन्नर काढली आणि संध्याकाळी ताईला सांगितलं, की मार्ग आता जास्त सुटसुटीत झाला आहे. ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सात वाजता तिने फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

एकटं माणूस फोन उचलत नाही याचा अर्थ त्या काळात एकच वाटायचा. मुग्धा म्हणाली, मेसेजवर दोन निळ्या खुणा दिसतायत, म्हणजे वाचतेय. राहू दे तिला. मला ते पटत होतं आणि पटतही नव्हतं. एरवी मी गाडी काढून निघालो असतो. आता नकाशावर दोन राज्यांच्या मध्ये एक नदी होती, आणि तिच्या पुलावर पोलीस उभे होते. मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. आपण नेमकं काय बोललो ते आठवून पाहिलं, आणि मला त्यात काहीच वावगं सापडेना. खरं तर तेच वावगं होतं.

पुढच्या दिवशी दुपारी दोनला, मी मीटिंगमध्ये असताना, तिचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"बारा वर्षांपूर्वीसुद्धा तू असाच तक्ता केला होतास," ती म्हणाली.

मला एकदम आठवलं. मी सुट्टीवर मिरजेला गेलो होतो. दाजींची कंपनी बंद पडायच्या बेतात होती. ताईच्या स्वयंपाकघरात टेबलावर लॅपटॉप उघडून मी त्या दोघांना ऑस्ट्रेलिया समजावून सांगितला होता. दाजींचं वय, त्यांचे व्हिसाचे पॉइंट, व्हिसाला लागणारे महिने, घरं, दवाखाने. ताई मागे पोळ्या लाटत होती.

"त्या तक्त्यात तुझ्या दाजींची नोकरी होती, घर होतं, हवामानसुद्धा होतं," ताई म्हणाली. "माझी शाळा कुठल्या रकान्यात होती?"

मी म्हणालो, की शिक्षकांना तर इथे मागणीच होती. मला वाटलं होतं ते आपोआप होईल.

ते आपोआप झालं नव्हतं. तिची पदवी इथे पुरेशी नव्हती. आधी इंग्रजीची परीक्षा, मग दोन वर्षं पुन्हा शिक्षण. ती परीक्षेला बसली होती, आणि लेखनात अर्ध्या गुणाने राहिली होती. हे तिने मला त्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं. त्यानंतर ती पुन्हा बसली नाही. सहा महिन्यांचा कोर्स करून चाइल्डकेअरला लागली. मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो, की ताईने किती पटकन जम बसवला.

"मला वाटलं, तुलाही यायचं होतं," मी म्हणालो.

"मलाही तेच वाटलं होतं. तू इतकं छान समजावून सांगितलंस."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला उत्तर देता आलं असतं. माझं चुकलं, असं म्हणायला हवं होतं. मीटिंगमधली माणसं माझं नाव घेऊन विचारत होती, की अभय, आहेस का. मी त्यांना आहे म्हणालो आणि ताईला रात्री बोलू म्हणालो. संध्याकाळी सातला फोन केला तेव्हा तिने उचलला. मी सांगितलं, की ब्रेन्नर परत घातली आहे आणि दोन मुक्काम गाळले आहेत. ती नुसतं "हं" म्हणाली, आणि मग आम्ही इन्सब्रुकच्या स्टेशनात जाऊन बसलो.

माणसं मोठी होतात म्हणजे काय होतं, याचा मी त्या दिवसांत पुष्कळ विचार केला. लहानपणी ताई मला शाळेत सोडायची, माझं दप्तर उचलायची; तिचं काय चाललंय हे विचारायची मला गरज नव्हती. पुढे मी कमावता झालो, परदेशी गेलो, आणि एकदम घरातला जाणता झालो. मदत करणारा झालो. मदत करणाऱ्यालाही विचारायची गरज पडत नाही. म्हणजे मी आधी लहान म्हणून विचारलं नाही, आणि नंतर मोठा म्हणून.

ऑगस्टच्या शेवटी ईराला शाळेत भूरूपांवर असाइनमेंट मिळाली. मी म्हटलं, आत्याला विचार. ईराला मराठी समजतं, पण उत्तरं इंग्रजीत. तिने नाइलाजाने व्हिडिओ लावला आणि माझा लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून बसली. मी मागे भांडी लावत होतो.

ताईने टेबलावर एक जाड गोधडी पसरली होती. "हे काय आहे?" तिने विचारलं.

"A blanket."

"चूक. हा समुद्राचा तळ आहे. इकडून आफ्रिका येतेय, तिकडून युरोप." आणि तिने दोन्ही हातांनी गोधडी दोन बाजूंनी सावकाश रेटायला सुरुवात केली. मधे एक घडी उठली, मग दुसरी, मग दोन्ही एकमेकींवर कलल्या. "घाई नाही. गोधडीवरची एक वीत पुढे यायला लाखो वर्षं गेली. याला आपण म्हणतो वली पर्वत. आता सांग, या सगळ्यात उंच घडीवर मला एक शिंपला सापडला. तो तिथे कुणी नेला?"

ईरा पडद्याकडे वाकली. मग हळूच म्हणाली, "कोणी नाही. तो तिथेच होता."

मराठीत म्हणाली. ताईने तिला शाबासकी दिली नाही. तिने फक्त मान हलवली आणि "पुढे?" असं विचारलं, आणि त्या एका "पुढे?"त अशी काही ताकद होती, की ईरा खुर्चीत सरसावून बसली. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मिरजेच्या त्या खोलीत सोळा वर्षं हे रोज घडत होतं, चाळीस-चाळीस मुली अशा सरसावून बसत होत्या, आणि मी त्याला "ताईची नोकरी" म्हणत होतो. तक्त्यात ते का आलं नाही ते मला कळलं. मी ते पाहिलेलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ईराने दोन मैत्रिणींना बोलावलं, त्यातली एक पंजाबी. मग वर्गात हिंदीही आली. दर रविवारी अकरा वाजता नद्या, वारे, ज्वालामुखी. एका रविवारी मी भांडी आवरून लॅपटॉपसमोर बसलो आणि मुली गेल्यावर म्हणालो, "ताई, मी तुला कधी विचारलंच नाही. चुकलं माझं." ती चष्मा पुसत होती. म्हणाली, "हो." आणि पुढच्या रविवारी गोधडीऐवजी काय वापरावं, हे विचारू लागली.

वसंत आला, मेलबर्नचे निर्बंध उठले, सीमा उघडली. ताई ख्रिसमसला आमच्याकडे आली तेव्हा दोन दिवस आम्ही आल्प्सचं नावही काढलं नाही. प्रत्यक्ष समोर बसल्यावर ते जरा लाजल्यासारखं वाटत होतं. दाजी दुसऱ्या वर्षी परतले. त्याच वर्षी हिवाळ्यात आमच्यावर पाळी आली. पश्चिम सिडनीत कडक बंदी लागली, डोक्यावर पोलिसांची हेलिकॉप्टर फिरू लागली. मुग्धा कामावरून आली की गॅरेजमध्ये कपडे बदलायची आणि जेवणसुद्धा वेगळ्या खोलीत घ्यायची. मी फार खचलो होतो. त्या दिवसांत सात वाजता फोन ताईचा यायचा. ती धीर वगैरे द्यायची नाही. म्हणायची, "आज तिरानोहून वर चढायचंय. खिडकी कुठली घेतोस?"

आम्ही खरोखर गेलो ते आणखी दोन वर्षांनी, सप्टेंबरात, दोघंच. दाजींना गाडी लागते. ते आनंदाने घरी राहिले. ब्रेन्नरला पोहोचलो तर तिथे मालगाड्यांचं भलंमोठं यार्ड, मोटारींचा हमरस्ता आणि सवलतीच्या कपड्यांची दुकानं. ताई फलाटावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हसत सुटली. सोळा वर्षं आपण मुलींपुढे जिचं वर्णन केलं ती हीच का, असं म्हणत तिने डोळे पुसले. मग एका दुकानातून दाजींसाठी पायमोजे घेतले.

पाचव्या दिवशी इटलीतल्या तिरानोहून लाल रंगाच्या लहान गाडीने स्वित्झर्लंडच्या बर्निना घाटात चढलो. खाली पाऊस होता, वर आल्यावर धुकं. सगळ्यात उंच स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा फलाटापलीकडे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. ताईने जॅकेटची चेन वर ओढली, पिशवी खांद्याला लावली आणि उठली.

"मी इथे उतरते. तू पुढे जा. मी मागच्या गाडीने येते."

काही दिसत नाहीये, थंडी आहे, पुढची गाडी तासाभराने आहे, हे सगळं माझ्या ओठांवर आलं. मी म्हटलं, "बरं. मी खाली पाँट्रेसिनाला थांबतो."

दार बंद झालं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. जिथे काहीच नव्हतं तिकडे तोंड करून उभी होती. गाडी हलली आणि दोन-तीन डब्यांच्या अंतरातच ती धुक्यात मिसळून गेली.

पाँट्रेसिना स्टेशनाच्या बाकावर मी दोन्ही बॅगा घेऊन बसलो. पहिली वीस मिनिटं दर मिनिटाला फोन पाहिला. मग तो खिशात ठेवला. कॉफी प्यायलो. धुकं थोडं विरलं तेव्हा समोरच्या उतारावरची झाडं दिसली आणि पुन्हा झाकली गेली. मी तिच्यासाठी काही ठरवत नव्हतो, आणि एवढा मोकळा वेळ घालवायचा कसा हे मला कळत नव्हतं.

तासाभराने गाडी आली. ताई उतरली, नाक लालबुंद, केस ओले. काय केलंस एवढा वेळ, असं मी विचारलं. नुसती बसले होते, म्हणाली. थोडा वेळ तिने शाळेतल्या मुलींची नावं आठवली होती, हजेरीपटातल्या क्रमाने. सव्वीसपर्यंत आली आणि पुढची सुचेनात. मग ती माझ्या शेजारी बाकावर टेकली.

"तू मला इकडे आणलंस ते चांगलं झालं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही," ती म्हणाली. "बहुतेक येणारही नाही. पण आता ते ठरवायचं काम तुझ्याकडे नाही. माझं मी बघते."

मी मान हलवली.

ती उठली, भूक लागलीय म्हणाली, आणि स्वतःची बॅग ओढत स्टेशनाबाहेर चालू लागली. बाहेर दोन रस्ते फुटत होते. कुठल्या रस्त्याने जायचं ते तिने मला विचारलं नाही. मी माझी बॅग उचलली आणि तिच्या मागे निघालो.